महिन्याची पाच तारीख

मुलीच्या आईपासून मी वेगळा झालो तेव्हा मुलगी दुसरीत होती. आता नववीत आहे. ती आईबरोबर कोल्हापुरात असते. मी पुण्यात, चाकणच्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात नोकरीला. शिवाजीनगरच्या कौटुंबिक न्यायालयात आधी अंतरिम पोटगीचा अर्ज, मग बरीच ओढाताण, शेवटी संमतीने घटस्फोट, असा आमचा प्रवास. ओळखीत कुणाचा संसार फाटला की हल्ली त्याला माझा नंबर दिला जातो. फोन करणारे जवळजवळ सगळे पुरुष आणि पहिला प्रश्न ठरलेला: "साधारण किती बसते?" त्यांना फोनवर तुकड्यातुकड्यांत सांगतो ते इथे सलग लिहितोय. मी वकील नाही. जी काही कलमं ठाऊक आहेत ती कोर्टाच्या बाकड्यावर पुकाऱ्याची वाट बघत ऐकलेली आणि नंतर घरी येऊन वाचलेली.

१. "किती"च्या आधी "कधी" ठरवा.

आकडा शेवटी कोर्ट ठरवतं, नाहीतर दोन वकील आपसात बोलून ठरवतात. तारीख मात्र आपल्या हातात असते आणि तिच्याकडे कुणी बघतच नाही. आमचा पगार महिन्याच्या अखेरीला होतो. मधे रविवार आला, बँक बंद राहिली तरी अडू नये म्हणून मी पाच तारीख घेतली आणि बँकेला कायमची सूचना देऊन टाकली. तेव्हापासून पाच तारखेला मला काही करावंच लागत नाही. मनात राग असला तरी पैसे जातात, लाड करावेसे वाटले तरी तेवढेच जातात.

तारखेचं महत्त्व मला मुलीच्या आईकडून कळलं. आकड्यावरून घासाघीस चालू असताना ती कोर्टातल्या समुपदेशक बाईंसमोर म्हणाली, "दोन हजार कमी दिलेस तरी मी भागवीन. पण दर महिन्याला फोन करून मागायला लावू नकोस." तिचं घरभाडं, शाळेच्या रिक्षावाल्या काकांचे पैसे, क्लासची फी, सगळं दहा तारखेच्या आत असतं. पैसे वीस तारखेला आले तर मधले दिवस ती कुणाकडे तरी हात पसरते. शिवाय मागण्याचा फोन घरातूनच होतो आणि दोन खोल्यांच्या घरात मुलीला ऐकू जाणार नाही असा फोन करता येत नाही. "बाबा पैसे देत नाही" हे वाक्य मुलांनी एकदा ऐकलं की पुढे तुम्ही बँकेचं सगळं पासबुक दाखवलंत तरी ते मनातून जात नाही.

२. शपथपत्रात सगळं लिहा, ओव्हरटाइमसुद्धा.

पूर्वी या प्रकरणांत नवरा उत्पन्न लपवायचा, बायको खर्च फुगवायची आणि न्यायाधीश अंदाजाने मधला आकडा धरायचे. नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयात २०१३ साली दाखल झालेला पोटगीचा एक अर्ज थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि नोव्हेंबर २०२० मध्ये त्याचा निकाल लागला. त्या निकालाने देशभरासाठी नियम घालून दिला: दोन्ही बाजूंनी उत्पन्न, मालमत्ता, देणी आणि खर्च यांचं शपथपत्र ठराविक नमुन्यात द्यायचं. दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. पोटगी अर्ज केल्याच्या तारखेपासून लागू होते, निकालाच्या तारखेपासून नाही. म्हणजे "तारखा वाढवत राहू, तोवर पैसे वाचतील" हा सल्ला देणारा माणूस तुमच्या डोक्यावर थकबाकी चढवत असतो.

आमचा अर्ज त्या निकालानंतर सुनावणीला आला. तो लांबलचक नमुना भरताना प्रश्न आला ओव्हरटाइमचा. एकाने सुचवलं, "तो कायम नसतो, धरूच नका." मी तो धरला आणि समोर लिहिलं की ऑर्डर जोरात असते तेव्हाच मिळतो. उलटतपासणीत कुणी पगारपत्रक नाकासमोर धरावं आणि मग उरलेल्या खऱ्या गोष्टींवरही विश्वास बसू नये, ही किंमत मला परवडणारी नव्हती.

आणि बायकोचं शपथपत्र वाचा. वकिलाला वाचू देऊन तुम्ही नुसती सही करू नका. मुलीच्या आईच्या कागदांत दर महिन्याच्या इनहेलरचा खर्च होता. मुलीला दम्याचा त्रास सुरू झालाय हे मला त्या कागदावर कळलं.

३. कर्जाचे हप्ते दाखवून काही होत नाही.

फ्लॅटचा हप्ता, गाडीचा हप्ता, एलआयसी वजा करून "हातात एवढेच उरतात" असं सांगायला सगळे जातात. आयकर, भविष्यनिर्वाह निधी अशा सक्तीच्या कपाती कोर्ट विचारात घेतं. हौसेने घेतलेल्या कर्जाचा हप्ता मुलाच्या दुधाच्या आधी येत नाही. "नोकरी गेली, काय करू" म्हणणाऱ्या धडधाकट नवऱ्यालाही सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये सुनावलंय की अंगमेहनत करून का होईना, बायकोमुलांना पोसणं ही त्याची जबाबदारी आहे.

४. रोख देऊ नका, आणि भेटवस्तू हिशेबात धरू नका.

पैसे बँकेतूनच, शेऱ्यात महिना लिहून. यात अविश्वास कसलाच नाही. तीन वर्षांनी कुणालाच आठवत नाही की दिवाळीत दिलेले दहा हजार पोटगीचे होते की कपड्यांचे. मी पोटगी वेगळी पाठवतो आणि शाळेची फी थेट शाळेच्या खात्यात भरतो. पावती माझ्या नावावर असते, त्यामुळे जुन्या करप्रणालीत राहिलेल्यांना शिक्षण शुल्काची आयकरातली वजावटही घेता येते. पोटगीच्या रकमेवर मात्र देणाऱ्याला कसलीही करसवलत नाही. फोन करणारे हे ऐकून नाराज होतात, त्याला माझा इलाज नाही.

सायकल घेऊन दिली, म्हणून या महिन्यात पाच हजार कमी, असं करणारे बाप मी पाहिलेत. त्या पोराला मग सायकलही नकोशी होते, कारण आईने त्या महिन्यात कुठे काटकसर केली ते त्याला दिसतं.

५. भेट आणि पैसे एकमेकांना बांधू नका.

हा सगळ्यांचा दुखरा मुद्दा, म्हणून जरा सविस्तर लिहितो. "ती मुलाला भेटू देत नाही, मग मी कशाला देऊ?" हे वाक्य मी कोर्टाच्या आवारात इतक्या जणांकडून ऐकलंय की ते तिथल्या भिंतींनाही पाठ असेल. उलट बाजूनेही आहेच: "पैसे आधी, भेट नंतर." दोन्हीकडे मूल तारण ठेवलं जातं. कोर्ट या दोन गोष्टी वेगळ्या मानतं. भेट अडवली म्हणून पोटगी थांबवायची मुभा नाही आणि पोटगी थकली म्हणून मुलाची बापाशी भेट तोडणंही योग्य धरलं जात नाही. भेट अडली तर भेटीसाठी अर्ज करायचा आणि पाच तारखेला पैसे पाठवायचेच. अर्जावर सुनावणी होते तेव्हा ज्याच्या पोटगीत एकही महिना चुकलेला नाही, त्याच्या बोलण्याला वजन असतं. हे मला वकिलाने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. त्याची फी तेवढ्या सल्ल्यातच वसूल झाली.

आमच्याकडेही काही महिने भेटी बंद होत्या. करोनाची टाळेबंदी होती, आणि टाळेबंदी उठल्यावर टाळेबंदीचं कारण उरलं होतं. जानेवारी २०२० च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं होतं की मुलाला आईवडील दोघांचंही प्रेम मिळण्याचा हक्क आहे, आणि दूर राहणाऱ्या पालकाला फोनवर, व्हिडिओ कॉलवर रोज थोडं बोलता यायला हवं. मी त्याच निकालाचा आधार घेऊन अर्ज केला. आदेश निघाला. पहिले कॉल फार वाईट गेले. मुलगी "हं", "हो", "जेवले" एवढंच म्हणायची. मग मी गणिताचं पुस्तक उघडायला सांगायला लागलो. अपूर्णांकांच्या निमित्ताने बोलणं चालू राहिलं.

आता महिन्यातून एका शनिवारी स्वारगेटहून पहाटेची गाडी पकडतो. खंबाटकी घाटात कोंडी नसेल तर दुपारच्या आत कोल्हापूर. रंकाळ्यावर चालणं, भेळ, तिच्या मैत्रिणींच्या भानगडी. या प्रवासाचा खर्च पोटगीतून वजा होतो का, असं एकाने विचारलं होतं. मी त्याला उत्तर दिलं नाही.

६. पैशाचा हिशेब मागू नका. मागावासा वाटला तर मुलाला महिनाभर सांभाळा.

"माझे पैसे मुलीवरच खर्च होतात कशावरून? ती साड्या घेत असेल तर?" हा विचार मनात येतो. येणारच. पण मुलीचा खर्च कुठे संपतो आणि आईचा कुठे सुरू होतो हे कुणी सांगावं? घरभाडं दोघींचं, वीज दोघींची, कुकरमध्ये भात दोघींचा शिजतो. मुलीच्या वाटणीची खोली वेगळी काढून तिचं भाडं वेगळं लिहिणार का?

मे महिन्याच्या सुट्टीत मुलगी माझ्याकडे राहते. पहिल्या वर्षी मी हौसेने सगळा खर्च वहीत लिहिला. दूध वाढवलं, फळं, अंडी, पोहण्याचा क्लास, पोहण्याचा पोशाख, चपला (तिच्या चपला दर काही महिन्यांनी लहान होतात, हे मला नव्याने कळलं), इनहेलर, एकदा रात्री ताप म्हणून डॉक्टर, मोबाइलचा डेटा, केस कापणं, मैत्रिणीच्या वाढदिवसाची भेट, आंबे. शिवाय मी तिला सोबत म्हणून घेतलेल्या रजा, ज्यांचा पैशात हिशेब वहीत धरलेलाही नव्हता. महिनाअखेर बेरीज मी दर महिन्याला पाठवत होतो त्याच्यापेक्षा मोठी निघाली. आणि त्यात घरभाडं नव्हतं, शाळा नव्हती, क्लास नव्हता. तिकडे तिची आई हे सगळं नोकरी सांभाळून करते. त्यानंतर मी हिशेबाचा विषय काढलेला नाही.

यालाच जोडून: मूल सुट्टीत आपल्याकडे असलं तरी त्या महिन्याची पोटगी कापू नका. मे महिन्यात आईचा घरमालक भाडं सोडत नाही आणि जूनमध्ये वह्या, गणवेश, रेनकोट सगळं एकदम येतं.

७. "ती कमावते की!"

कमवू दे. मुलीची आई एका पतसंस्थेत नोकरी करते, मला ते सोयीचंच आहे. हिंदू दत्तक व पालनपोषण कायदा, १९५६ च्या कलम २० प्रमाणे मुलांना सांभाळण्याची जबाबदारी आई आणि बाप दोघांवर आहे. २००० साली सर्वोच्च न्यायालयाने एका प्रकरणात, बापाचा पगार आईच्या साधारण दुप्पट होता म्हणून, मुलांच्या खर्चाची विभागणी दोनास एक अशी केली. आम्हीही संमतीच्या अटी लिहिताना दोघांचे पगार शेजारी मांडून असंच प्रमाण काढलं. तिचा पगार वाढला तर माझा वाटा थोडा घटेल असंही लिहून घेता आलं असतं. वकिलाने सुचवलंही होतं. मी ते गाळलं. तिची बढती ही माझ्या बचतीची बातमी होऊ नये एवढीच इच्छा होती.

८. पगार घटला तर अर्ज करा, स्वतःच कात्री लावू नका.

२०२० मध्ये आमचा कारखाना बंद होता आणि पगारात कपात झाली. तेव्हा आमच्यात कोर्टाचा आदेश नव्हता, तोंडी ठरलेलं होतं. कंपनीचं पत्र मुलीच्या आईला ई-मेलने पाठवलं, काही महिने रक्कम कमी करण्याला तिचा लेखी होकार घेतला आणि पुढे बोनसमधून फरक भरून दिला. एका सहकाऱ्याकडे मात्र आदेश होता. त्याने कुणाला न विचारता रक्कम निम्मी केली, आणि पगार पूर्ववत झाल्यावरही निम्मीच ठेवली. थकबाकी वाढत गेली. शेवटी पगार जप्तीचा आदेश थेट कंपनीच्या एचआरकडे आला. साध्या कर्जासाठी पगारातला बराच भाग जप्तीपासून सुरक्षित असतो. पोटगीच्या हुकूमनाम्यासाठी दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ६० फक्त एक तृतीयांश भाग राखून ठेवतं. बाकीचा जाऊ शकतो. जे प्रकरण त्याने घरातल्यांपासूनही लपवलं होतं ते कॅन्टीनमध्ये चर्चेला आलं.

परिस्थिती खरोखर बदलली तर रक्कम बदलून मागायची सोय कायद्यात आहे. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खालचा आदेश असेल तर कलम १२७. १ जुलै २०२४ पासून नवी नागरिक सुरक्षा संहिता आली, तिच्यात हीच कलमं १४४ आणि १४६ झाली. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २६ खालचा आदेश असेल तर त्याच न्यायालयात जायचं. "महिनाभर आत जाऊन येईन, पण देणार नाही" असं छातीठोकपणे म्हणणारेही भेटतात. कैद भोगली म्हणून थकबाकी माफ होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८८ सालीच स्पष्ट केलंय.

९. वाढीची अट आत्ताच घाला.

संमतीच्या अटींत बहुतेक जण एकच आकडा लिहितात आणि सुटलो म्हणतात. दुसरीतल्या मुलीला पुरणारी रक्कम नववीत कशी पुरेल? आम्ही दर दोन वर्षांनी ठराविक टक्के वाढ लिहिली, शाळेची फी आणि मोठं आजारपण वेगळं ठेवलं. त्यामुळे वाढीसाठी पुन्हा वकील, पुन्हा तारखा, पुन्हा जुनी उणीदुणी हे झालं नाही.

एक वाक्य मात्र लिहू नका, कुणी कितीही आग्रह केला तरी: "पत्नी भविष्यात मुलीसाठी काहीही मागणार नाही." पोटगीचा हक्क मुलीचा आहे आणि आईला तो परस्पर सोडून देता येत नाही. असं वाक्य पुढे टिकत नाही, नुसती सही करताना बरं वाटतं. बायकोसाठी एकरकमी देऊन मोकळं होणं वेगळं. मुलाच्या बाबतीत मला मासिकच पटतं.

१०. आपण मेलो तर?

हे कुणी विचारत नाही, म्हणून मीच सांगतो. आदेश आपल्या पगारावर चालतो. पगार थांबला की पाच तारीख थांबली. मी विवाहित महिला मालमत्ता कायदा, १८७४ खाली मुलीच्या नावे मुदत विमा घेतला. या कायद्याखाली पॉलिसी घेतली की ती रक्कम मुलीसाठीचा विश्वस्त निधी ठरते. माझी देणी किंवा दुसरे नातेवाईक तिला हात लावू शकत नाहीत. हे पॉलिसी घेतानाच अर्जात नमूद करावं लागतं, मागाहून नाही.

कंपनीच्या मेडिक्लेममधून घटस्फोटानंतर बायकोचं नाव निघतं, मुलीचं राहतं. त्या कार्डाचा फोटो मुलीच्या आईच्या फोनमध्ये हवा. मुलीला डेंग्यू झाला तेव्हा रात्री मी पुण्यात होतो आणि कोल्हापूरच्या दवाखान्यात कॅशलेस त्या फोटोवर झालं.

११. घरच्यांची तोंडं.

"आपण इथे काटकसर करायची आणि तिकडे ओतायचं," हे आई म्हणते. मी एकदाच म्हणालो, "आई, तुझ्या नातीच्या दप्तराचे पैसे आहेत ते." तिचं समाधान झालं नाही. विषय निघतो, मी चहा टाकायला उठतो.

दुसरं लग्न करणाऱ्यांनी नव्या जोडीदाराला आकडा आणि तारीख लग्नाआधी सांगावी. नवा संसार झाला म्हणून पहिल्या मुलाची पोटगी संपत नाही.

१२. अठरावं वरीस धोक्याचं, देणाऱ्यासाठीसुद्धा.

अठरा पूर्ण झाली की कलम १२५ खालची, म्हणजे आताच्या १४४ खालची, पोटगी साधारणपणे थांबते. पण शिक्षणाचा खरा खर्च तिथेच सुरू होतो. १९५६ च्या कायद्याप्रमाणे स्वतःच्या कमाईवर भागवू न शकणाऱ्या अविवाहित मुलीची जबाबदारी सज्ञान झाल्यावरही राहते. मुलग्याच्या बाबतीत कायद्याचा आधार कमी पडतो, त्यामुळे मुलगा असलेल्यांनी "पहिली पदवी पूर्ण होईपर्यंत" असे शब्द अटींत घालून घ्यावेत. आम्ही मुलगी असूनही घातलेत.

मुलीला आर्किटेक्चरला जायचंय, असं सध्या तरी म्हणते. पाच वर्षांचा अभ्यासक्रम. मुलीच्या आईने मागच्या आठवड्यात चार कॉलेजांच्या फीची यादी पाठवली. मी उत्तर पाठवलं की फी माझी, वसतिगृह आणि मेस तिची. लॅपटॉप कुणाचा यावर अजून एकमत नाही. ती म्हणते निम्मे-निम्मे, मी म्हणतो अजून तीन वर्षं आहेत, तोवर किमती उतरतील.